नानांच्या वावरातलं तेल

होळीच्या सुमाराला दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात तेल शोधणारी माणसं येऊन गेली. त्यांनी वावरांतून तारा अंथरल्या, खोल भोकं पाडून बारीक सुरुंग उडवले, हादरे मोजले आणि आठ दिवसांत गाशा गुंडाळला. काय सापडलं ते कुणालाच सांगितलं नाही. गावाने मात्र तेल सापडलं असं धरून पुढचं काम हाती घेतलं.

मी जळगावला एका शाळेच्या कार्यालयात आहे. महिन्यातून एकदा सुरतच्या गाडीने माहेरी जाते, पर्समध्ये कामांची यादी घेऊनच. त्या खेपेला यादीत काकीचा चष्मा होता, नानांच्या बीपीच्या गोळ्या होत्या आणि कपाशीच्या बियाण्याचं विचारणं होतं. नाना म्हणजे माझे धाकटे काका. बियाण्याचा विषय काढला तर म्हणाले, "औंदा पेरणी नही. पेरीसन परत उपटनं पडी. कसाले?"

पाच एकर कोरडवाहू. घर त्याच्यावरच चालतं. काकी भाकरी थापायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

तोवर गावात पाच जणांची तेल समिती झाली होती, नाना अध्यक्ष. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी त्यांना सांगितलं होतं की काही देशांत तेल निघालं, पण ते कुठे गेलं हे लोकांना कधी कळलंच नाही; राज्यकर्त्यांचे महाल झाले आणि लोक होते तिथेच राहिले. हे ऐकून समितीने पहिला ठराव केला, की सगळा कारभार उघड. दुसरा ठराव असा, की गर्दी होते, म्हणून बैठक दार लावून.

"इतिवृत्त दाखवा," मी म्हटलं.

"आधी ठरू दे. मंग बठ्ठा गावले सांगसूत."

"आतापर्यंत काय ठरलं?"

"ते गुप्त शे."

जमिनीखालचं तेल सरकारचं असतं, हेही मी सांगून पाहिलं. नाना म्हणाले, सरकार म्हणजे आपणच.

मग मी स्वतःला हुशार समजून एक घोटाळा केला. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकला. प्रश्न एकच, आमच्या वावराखाली तेल आहे की नाही? माझा हिशेब सरळ होता. नाही म्हणून लेखी येईल, नाना पेरतील, विषय संपेल. उत्तर आलं, माहिती गोपनीय असल्याने देता येत नाही.

नानांनी ते पत्र पारावर मोठ्याने वाचून घेतलं. "नही ऱ्हातं तर नही म्हनतस. लपाडी ऱ्हायनात म्हंजे शे!" संध्याकाळपर्यंत पत्राला लॅमिनेशन झालं. गावातला एकमेव सरकारी पुरावा मी दहा रुपये फी भरून आणून दिला होता. खरं सांगायचं तर मला नानांचा राग आला नाही. दार लावून घेतलं की बाहेरचा माणूस आत काहीतरी मोठं चाललंय असंच समजणार.

त्यानंतर बैठका रोज व्हायला लागल्या. एक सभासद तेल बघायला येणाऱ्या साहेबांचं हेलिपॅड आपल्याच खळ्यात हवं म्हणून अडून बसला. आणि जूनमध्ये लक्षात आलं, की उरलेल्या चौघांनी आपापली वावरं पेरून टाकली आहेत. तेही गुप्तच.

काकीचा फोन आला. "दहा पाकिटं लई ये. तुना नानाले सांगू नको."

मी बियाणं नेलं आणि रजा टाकून राहिले. वखरणी तिने आधीच उरकून घेतली होती, नाना बैठकीला बसले असताना. गल्लीतल्या सहा बाया, काकी आणि मी, दोन दुपारांत पाच एकर लावून मोकळ्या झालो. साऱ्या गावाला माहीत होतं, फक्त अध्यक्षांना नाही.

आठवड्याने नाना वावराकडे गेले, तेव्हा कोंब वर आले होते. काकी आणि मी बांधावरच होतो.

"मले न इचारता?"

"तुम्हनी मीटिंग गुप्त, मन्ही पेरणी गुप्त."

"आनि तेल निंघनं तर?"

"निंघू द्या. तवलोंग कपाशी येचसूत."

नाना वावरात उतरले. मग ओळीओळीने चालत गेले आणि मध्येच थांबले. "ही तिरपी ओळ कोनी लावनी?"

"मी," मी म्हटलं.

"तरीच. शाळानी बाई." मग काकीकडे वळून, "बी उरनं शे का? जागोजाग खाडा पडेल शे."

काकीने पदराच्या गाठीतून मूठभर बी काढून दिलं. नाना वाकून, जिथे उगवलं नव्हतं तिथले खाडे भरायला लागले. दिवस कलायला आला तेव्हा समितीतला एक जण बोलवायला आला. अध्यक्षांशिवाय बैठक अडली होती. नानांनी मान वर केली नाही.

"तुम्ही उरकी ल्या. मन्ह्या अजून तीन ओळी बाकी शेतस."