एसीवाल्यांच्या घरातला एसी

एसीच्या जाळीत धूळ साचते तसे आमच्या दुकानात किस्से साचतात. जाळी निदान महिन्याने काढून धुता येते. किस्स्यांचं काय करणार? मग कोणी चहाला आलं की त्याच्या अंगावर झटकायचे. आज तुम्ही सापडलात.

डहाणू रोडला स्टेशनपासून जरा आत आमचं एसी दुरुस्तीचं दुकान आहे. माझा नवरा विलास मशीन खोलतो आणि मी फोन घेते. माझं काम जास्त अवघड, कारण मशीन खोटं बोलत नाही. तलासरीपासून वरोरपर्यंत एका दिवसात पोचायला विलासला काही पंख नाहीत, त्यामुळे कोणतं काम आजचं आणि कोणतं उद्याचं, हे फोनवर मीच ठरवते. त्यासाठी माझे प्रश्न ठरलेले आहेत. वास येतो का? आवाज येतो का? बोर्डावरचं बटण पडतं का? आणि काम झालं की संध्याकाळी त्या घरी माझा पुन्हा फोन जातो, "काम नीट झालं ना? मेकॅनिक नीट बोलला ना? आणखी काही सांगायचंय?"

जेवतानासुद्धा फोन माझ्या कानालाच असतो. त्यामुळे मसोलीला आमच्या घरी माझ्या सासूबाईंना हे सगळं आरतीसारखं पाठ झालं आहे. यंदाच्या उन्हाळ्यातली पहिली तक्रारही त्यांच्याच खोलीतल्या एसीची होती. घरचीच तक्रार, म्हणून मी ती उद्यावर टाकली. आमच्याकडचा उद्या फार लांब असतो.

*

घोलवडहून चिकूच्या वाडीवाल्या एका काकांचा फोन आला. घरात गुजराती, फोनवर मराठी.

"बेन, घाई काय नाय हां. एसी एकदम मस्त थंड करते."

"मग तक्रार काय आहे, काका?"

"तक्रार नाय. फक्त घडी घडी बोर्डावरचं बटन पडून जाते. वर केलं की पाछी चालू."

"रात्री कोण वर करतं?"

"त्याची पाळी लावली ने. पहिले मुलगा जागते, मग सून, मग माझी बायको. एवढे दिवस झाले, कोणाची कंप्लेंट नाय."

मी कपाळाला हात लावला. बटण पडतं म्हणजे आत काहीतरी झेपेनासं झालंय. ते बिचारं जीव तोडून सांगतंय की बंद करा, आणि अख्खं घर पाळ्या लावून त्याला पुन्हा उभं करतंय. मी म्हटलं, "काका, आता ते बटण अजिबात वर करू नका. विलास आज येतोय." मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "इतके दिवस फोन का नाही केलात?"

काका म्हणाले, "आजपासून माझी पाळी आहे."

*

तलासरीला हायवेजवळ हार्डवेअरचं दुकान असलेले एक भाऊ आहेत. त्यांचा आवाज फोनवर नुसता ओसंडत होता.

"वहिनी, आपल्या मशीनने बर्फ धरलाय!"

"खोली थंड होते का?"

"खोली नाही होत. पण बर्फ बघा तुम्ही, काय पांढराशुभ्र!"

आता मशीनवर बर्फ धरणं म्हणजे जास्तीचा थंडावा नव्हे. एक तर जाळी तुंबलेली असते, नाहीतर गॅस गळत असतो, आणि तसंच चालवत राहिलं की एक दिवस कॉम्प्रेसरच बसतो. मी म्हटलं, "भाऊ, ताबडतोब बंद करा, दुपारपर्यंत माणूस येतो." ते हो म्हणाले.

विलास पोचला तेव्हा मशीन जोरात चालू होतं. खोलीत शेजारपाजारचे लोक खुर्च्या टाकून घामाघूम बसले होते. झाकण उघडं होतं, खाली पातेलं लावलेलं होतं, आणि भाऊ स्टुलावर चढून चमच्याने बर्फ खरवडून पाहुण्यांना कोकम सरबत देत होते. विलासलाही ग्लास मिळाला. तो प्यायला की नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही.

विलासने तपासून सांगितलं, "गॅस गळतोय. गळती काढून आजच भरावा लागेल."

भाऊंचा चेहरा उतरला. "भरा तुम्ही गॅस," ते म्हणाले, "पण बर्फ रविवारपर्यंत राहू द्या. मुलीचे सासरे बघायला येतायत."

*

वरोरच्या एका आजींचं मशीन तासाभराने आपोआप बंद पडायचं. वास नाही, आवाज नाही. मी विलासला म्हटलं, बाहेरच्या युनिटला वारा मिळत नसेल, बघून ये.

विलास घरामागे गेला तर युनिट दिसेचना. त्याच्या तोंडासमोर बांबूंची माळण उभी होती आणि तिच्यावर बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवून टांगलेले होते, अगदी किनाऱ्यावर वाळत घालतात तसे. गेले काही दिवस ढगाळ होते, ऊन लागत नव्हतं, आणि हे युनिट मात्र दिवसभर गरम वारा फेकत होतं. तो वारा बोंबलांना आपटून परत युनिटच्याच पोटात जात होता. ते तापणार नाही तर काय होईल?

विलासने नीट समजावलं. "आजी, माळण जरा लांब न्या. नाहीतर आतली खोली कधी थंड होणार नाही. तुमची झोपायची अडचण होईल."

आजी म्हणाल्या, "आत कोण झोपतं, रे? आमी ओटीवर पंख्याखाली झोपतो. एसी बोंबलांना लावलाय."

*

आता एक गोष्ट माझ्या धंद्याला फार महागात पडली. कुठून कोण जाणे, पण गावोगाव खबर पसरली की "जळका वास येतो" असं सांगितलं की विलास त्याच दिवशी येतो. खबर खरीच होती. जळका वास म्हणजे वायर तापतेय, म्हणजे मेन बंद करायचा आणि सगळं सोडून धावायचं, हा आमचा नियमच आहे.

मग काय, जो तो जळका वास घेऊन हजर. रिमोटचा सेल संपला, जळका वास. पाण्याची नळी निसटली, जळका वास. लग्नघरातून एका बाईंचा फोन आला.

"जळका वास येतोय हो, लवकर पाठवा."

"कधीपासून येतोय?"

"तुम्ही याल तोपर्यंत येईल."

तेव्हापासून मी प्रश्न बदलला. वास येतो का, असं विचारायचं सोडून दिलं. वास कशासारखा येतो, असं विचारायला लागले. खोटं बोलणारा "जळका" म्हणून गप्प बसतो. ज्याच्या घरात खरंच वास आहे तो काहीतरी भलतंच नाव घेतो. कोणी म्हणतं रबराचा, कोणी म्हणतं गणपतीत फटाके उडवल्यासारखा. असं भलतं काही ऐकलं की मी आधी विलासला फोन लावते आणि मग पुढचं ऐकते.

ही युक्ती मी घरीदारी सगळ्यांना सांगितली. जेवताना तर कितीदा सांगितली असेन!

*

आता सासूबाईंकडे येते. आम्ही त्यांना आईच म्हणतो. आईंचं आयुष्य बाजारात सुकी मासळी विकण्यात गेलं. आता बसणं बंद केलंय, पण खोलीत पलंगाखाली सुकट, जवळा आणि बोंबलांचे डबे असतात. नातेवाईक, जुनी गिऱ्हाइकं, सगळ्यांना तिथूनच पुड्या बांधून जातात. त्या डब्यांवर त्यांचा भारी जीव.

उन्हाळा सुरू होताच त्या म्हणाल्या, "एसी लावला का सुकटीचा वास येतो."

विलास एवढा हसला की त्याला ठसका लागला. "आई, तुझ्या खोलीत गुलाबाचा वास आला असता तर मी धावत आलो असतो."

मीही हसले. खरं सांगते, मला वाटलं आपला नंबर लवकर लागावा म्हणून या वासाचं काढतायत. सगळा जिल्हा तेच करत होता.

आईंनी पुन्हा सांगितलं, तेव्हा विलासने मशीन उघडलं नाही, डबे उचलले. सगळे डबे मागच्या पडवीत नेऊन ठेवले. मी पडदे धुतले, उशीचे अभ्रे बदलले. वास काही जाईना. विलास म्हणाला, "भिंतीत मुरलाय. इतक्या वर्षांचा आहे, जायला वेळ लागेल."

आई तेव्हा फार दुखावल्या. मला म्हणाल्या, "माझ्या सुकटीला वास हाय, नाय कोण म्हणतं? पण हा माझ्या सुकटीचा नाय गो. चाळीस घरची सुकट मी नाकाने वेगळी सांगेन." मग त्यांनी आपली गोधडी उचलली आणि पडवीत डब्यांजवळ अंथरली. डबे आत आले तरच मी आत येईन, म्हणाल्या. शेजारच्या बाया विचारायला लागल्या की सासूला बाहेर का काढलं. मला तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. विलासला रोज सांगायचे, एकदा उघडून तर बघ. तो म्हणायचा, "गिऱ्हाइकं संपू देत."

गिऱ्हाइकं संपतात का कधी मे महिन्यात?

*

त्यानंतरची गोष्ट. दुपारची वेळ, दुकानात दोन मशीनं ठोकून चालू केलेली, कानावर नुसती घरघर. नव्या नंबरावरून फोन आला. बाईंचा आवाज, बोलणं अगदी बँकेतल्यासारखं.

"नमस्कार. एसीची तक्रार नोंदवायची आहे."

"बोला ना. बोर्डावरचं बटण पडतं का?"

"नाही."

"आवाज?"

"नाही."

"वास कशासारखा येतो?"

"सुक्या मासळीसारखा."

मी सावध झाले. "घरात सुकी मासळी असते का?"

"खोलीत होती. ती काढून बरेच दिवस झाले. पडदे धुतले, अभ्रे बदलले. तरी एसी लावला की पाच मिनिटांत वास येतो आणि बंद केला की जातो. प्लगला हात लावला तर भाकरी उतरवलेल्या तव्यासारखा लागतो."

प्लग तापून आतलं प्लास्टिक वितळायला लागलं की कधी कधी अगदी मासळीसारखा वास येतो, आणि आमच्या किनारपट्टीवर त्या वासाने कोण दचकणार? मी म्हटलं, "बाई, आत्ताच्या आत्ता मेन बंद करा. प्लगला पुन्हा हात लावू नका. खोलीत कोणाला जाऊ देऊ नका. मी लगेच माणूस पाठवते. पत्ता सांगा."

"मसोली. पिठाच्या गिरणीमागे, निळं फाटक."

मी घाईघाईने विलासला फोन लावला. तो आशागडला कोणाच्या तरी गच्चीवर होता. म्हटलं, "हातातलं सोड आणि पळ. प्लग जळतोय. मसोली, पिठाच्या गिरणीमागे, निळं फाटक."

मग विलास म्हणाला, "अगं, ते आपलं घर आहे."

तो पोचला तेव्हा आई फाटकात उभ्या होत्या, शेजारणीचा फोन हातात. मेन बंद केलेला होता. त्यांनी त्याला नाव घेऊन हाक मारली नाही. "या," म्हणाल्या, "चपला बाहेर काढा." विलासने प्लग ओढला तर तो सॉकेटला चिकटलेला, अर्धा वितळून काळा पडलेला. मागच्या भिंतीवर हातभर काळा डाग. भिंतीला लागून लाकडी पलंग, त्यावर कापसाची गादी. विलास तिथेच जमिनीवर बसला. आईंनी त्याला पाणी आणून दिलं, जसं आम्हांला गिऱ्हाइकं देतात तसं, ताटलीत ग्लास ठेवून.

त्याने नवी वायर ओढली, नवा सॉकेट बसवला, भिंत पुसली. मला फोनवर एवढंच म्हणाला, "झालं काम."

संध्याकाळी मी नेहमीसारखे सगळ्यांना फोन केले. शेवटी त्या नव्या नंबरावरही केला. शेजारणीचा फोन अजून आईंकडेच होता, आणि विलासही अजून घरीच.

"नमस्कार," मी म्हटलं. "काम नीट झालं ना?"

"झालं."

"मेकॅनिक नीट बोलला ना?"

"आज बोलला."

"आणखी काही सांगायचंय?"

"हां," आई म्हणाल्या. "त्याला सांग गो, जाताना डबे आत ठेवून जा."