रोजचं विरजण

साधं विरजण राखता न येणारी बाई अख्ख्या बोरीवलीत एकच असेल, आणि ती नेमकी माझ्या शेजारी राहायची. रोज संध्याकाळी वाटी घेऊन दारात उभी. "काकू, जरा विरजण द्याल?" बिल्डिंगमध्ये तिचं नावच पडलं होतं, विरजणवाली. तिची मालवणी सासू जिन्यात भेटेल तिला सांगायची, "हिका साधा विरजण राखूक येणा नाय. आवशीन काय शिकवल्यान कोण जाणे!"

ती ऐकून घ्यायची. घरात राखलेलं विरजण ती स्वतःच मोरीत ओतून यायची, हे फक्त मला माहीत होतं. कारण तिच्या गोळ्यांचं पाकीट माझ्या मसाल्यांच्या फळीवर असायचं. आत आली की आधी गोळी, वर घोटभर पाणी, मग विरजण. बावळट ठरून घ्यायचं, पण गोळी चुकवायची नाही, असा तिचा हिशेब.

तिला दोन मुली होत्या. सासूला नातू हवा होता आणि नवऱ्याला आई म्हणेल ते. हिला तिसरं नको होतं. धाकटी शाळेत जायला लागली की पार्लरचा कोर्स करायचा होता. पाकीट माझ्याकडे ठेवायला आणलं तेव्हा म्हणाली, "काकू, माझ्या अंगाला जरा सुट्टी हवीये." जशी काही सुट्टी मंजूर करणारी मीच! पण त्या घरात तिला स्वतःचा असा एक कोपरा नव्हता. सासूबाई तिची पर्ससुद्धा आवरून द्यायच्या, तेही मायेनं.

एकदा कुठल्याशा संस्थेची मुलगी पाहणीला आली. बायकांना पाळणा लांबवायचे निर्णय स्वतः घेता येतात का, ते मोजायचं होतं म्हणे. अनोळखी पोरगी घरात आली म्हणून सासूबाईंनी मलाही बोलावून घेतलं. दिवसाढवळ्या दार लावून बोलायची आमच्या मजल्यावर पद्धत नव्हती. सासूबाई तिथेच सोडे निवडत बसल्या.

"मूल कधी हवं, हे तुम्ही ठरवता?"

"हो."

"त्यासाठी काही वापरायचं झालं, तर कुणाला न विचारता वापरू शकाल?"

"हो तर."

"आमच्यात तिका सगळी मोकळीक आसा," सासूबाई म्हणाल्या. मुलगी खूश झाली. "छान, ताई! तुम्हाला सगळ्यात वरचे मार्क."

संध्याकाळी गोळी गिळून ती माझ्या ओट्याला टेकली आणि हसत सुटली. "काकू, मी पास झाले ना!" मी हसले नाही. मला त्या मार्कांचा संताप आला होता.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. तिच्या घरच्यांनी चेंबूरला भाड्यानं जागा घेतली. निघायच्या दिवशी मी पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं ते परत फळीवर ठेवलं. "तिथे कुठे ठेवू, काकू? बघते, कुणी तुमच्यासारखं भेटतंय का."

काही महिन्यांनी सासूबाईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "डोहाळजेवणाक येवकच व्हया. ती तुमचा लय नाव काढता."

मी गेले. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि त्या सगळ्यात ती. मी ओटी भरली तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला. "कुणी भेटलंच नाही, काकू," एवढंच म्हणाली. पार्लरचं विचारायचं मला धाडस झालं नाही.

मग तिच्यापुढे दोन पालथे द्रोण मांडले. एकाखाली पेढा, एकाखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

"उचल गो," सासूबाई लाडानं म्हणाल्या, "तुझ्या मनाक येयत तो उचल."

तिनं हात पुढे केला, तो तसाच मधे थांबला. मग सासूबाईंकडे बघून तिनं विचारलं, "आई, तुम्हीच सांगा ना, कुठला उचलू?"

सगळ्या बायका कौतुकानं हसल्या. किती गुणाची सून आहे, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.