पेटी उतरली, डोली चढली

वैद्यबुवांनी प्रयागबाईंना तोंडावर काही सांगितलं नाही. नाडी पाहिली, पाण्यानं फुगलेल्या पोटावर दोन बोटं वाजवली आणि बाहेर जाऊन मोरूशी हलक्या आवाजात बोलले. मोरू म्हणजे बाईंचा दत्तक मुलगा. महाडच्या बाजारपेठेतली हिरड्याची वखार आता तोच बघायचा. "थंडी निघेलसं वाटत नाही," एवढं वाक्य दारातून आत आलं, आणि त्या दिवसापासून बाईंना कुठंच चैन पडेना. पलंगावर निजवलं की म्हणायच्या, खाली अंथरा. खाली अंथरलं की म्हणायच्या, खिडकीपाशी सरकवा. रखमा, त्यांची कामवाली, उचलून ठेवून थकली.

"बाईसाहेब, दुखतंय का फार?"

"दुखत नाही गं. वेळ चाललाय."

मरणाची भीती त्यांना वाटत नव्हती. साठी जवळ आली होती, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. पण एक गोष्ट राहिली होती, आणि ती कुणापाशी बोलायची सोय नव्हती.

प्रयागबाईंचं माहेर कुडपणचं. पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरचं गाव. तिथं त्यांचं नाव आवडी. हिरडा खरेदीला आलेल्या महाडच्या बिजवर व्यापाऱ्यानं ती पोर पाहिली, मागणी घातली, आणि बाराव्या वर्षी आवडीची प्रयागबाई झाली. अंगावर सोनं आलं, नेसायला रेशीम आलं, बोलण्यातलं 'हाय' आणि 'नाय' गेलं. मोठा भाऊ गोमाजी दर वर्षी डोक्यावरून हिरडा घेऊन यायचा, वखारीच्या पायरीवर बसायचा, बहिणीला बघून जायचा.

एका वर्षी घरात हळदीकुंकू होतं. पेठेतल्या बायका दाटीनं बसलेल्या. गोमाजी नेमका त्याच दिवशी आला आणि दारातून डोकावला. मळकं मुंडासं, चिखलानं भरलेल्या पोटऱ्या. कुणीतरी विचारलं, "कोण हो हा?" प्रयागबाईंच्या तोंडून निघून गेलं, "आमचा हिरडेवाला. डोंगरातला आहे." गोमाजी दोन हातांवर उभा होता. त्यानं ऐकलं, ओझं उतरवलं आणि पाणीसुद्धा न पिता गेला. पुन्हा त्यानं महाड पाहिलं नाही. त्याचा हिरडा पोलादपूरच्या दुकानात जाऊ लागला. या गोष्टीला एकतीस वर्षं झाली होती.

मार्गशीर्षात मोरू दासगावच्या बंदरावर माल चढवायला गेला, तेवढी संधी बाईंनी साधली. दागिन्यांची पेटी काढायला लावली आणि पेठेतल्या दिलावरला बोलावणं धाडलं. दिलावर महाड-पोलादपूर मोटार चालवायचा.

"दिलावर, मला पोलादपूरला सोड. पुढचं मी बघते."

"मोरूशेटनी इचारलं तर काय सांगू, काकी?"

"सांग, म्हातारी माहेरी गेली."

दिलावरनं मागच्या बाकावर गोधडी अंथरून दिली. रखमा सोबत बसली.

पोलादपुरात हैबती भोई सापडायला वेळ लागला. घाटात मोटारी धावायला लागल्यापासून त्याच्या डोल्या माळ्यावर धूळ खात होत्या. कुडपणचं नाव ऐकून त्यानं बाईंच्या पोटाकडं पाहिलं.

"बाय, खडी चढण हाय. हिसके बसतील. वाटेत काय झालं तर?"

"झालं तर तिथंच जाळ. चल."

हैबतीनं तीन माणसं जमवली. पेटी मांडीवर घेऊन बाई डोलीत बसल्या आणि लगेच भोयांच्या पाठीस लागल्या. सावकाश गेले तर म्हणायच्या, मुंग्यांसारखे चाललात. भराभर गेले तर म्हणायच्या, हाडं मोडता माझी. विसाव्याला डोली टेकली की चिलीम पेटायच्या आत उठा उठा सुरू. हैबतीला हसू यायचं. वरात निघाल्यावर नवऱ्यामुलाला होते तसली घाई त्यानं मरायला टेकलेल्या माणसात कधी पाहिली नव्हती.

पेटीत काय होतं आणि ते कशासाठी, हे रखमाला एव्हाना कळलं होतं. पुतळ्यांची माळ, गोठ, पाटल्या, ठुशी, सगळंच. गोमाजीच्या दारात पेटी उघडायची, सगळं त्याच्या पुढ्यात ओतायचं आणि म्हणायचं, घे. हे वाक्य बाई वाटभर पुटपुटत होत्या. कधी त्यात "दादा" घालायच्या, कधी काढायच्या. कोणत्याच प्रकारे ते धड बसत नव्हतं.

मुक्काम डोंगराच्या पायथ्याच्या देवळात झाला. सकाळी डोली उचलायची तोच मोरू धापा टाकत आला. पहाटेपासून चालत होता, धोतर दवानं भिजलं होतं.

"आई, हे काय मांडलंयस? चल परत. लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"लोकांना सांग, म्हातारीला चळ लागला."

"औषध कोण देणार तिथं? आणि ही पेटी घेऊन या रानातून? तुला कळतंय का?"

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. पोर वाईट नव्हता. आजारपणात रोज येऊन पाय चेपायचा. पण बोलताना त्याची नजर त्यांच्या तोंडावरून मांडीवर उतरत होती, पुन्हा वर येत होती, पुन्हा उतरत होती. त्याला स्वतःलाही ते कळत नसावं.

"मोरू, भांडायला माझ्याकडं दिवस नाहीत. दोन्ही काही मी तुला नेऊ देणार नाही. मला ने, नाहीतर पेटी ने. बोल."

"असं काय बोलतेस आई!"

"बोल लवकर. ऊन चढतंय."

मोरूनं देवळाकडं पाहिलं, भोयांकडं पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "तुझी इच्छाच असेल माहेरी जायची तर मी कोण आडवा येणार? पेटी तेवढी घरी नीट ठेवतो. वाट वाईट आहे."

बाई खळखळून हसल्या. इतक्या की पोट धरावं लागलं. कमरेची किल्ली सोडून त्यांनी पेटीवर ठेवली. मोरूचे डोळे भरून आले होते, आणि तेही खोटं नव्हतं. अंगावरची शाल काढून त्यानं बाईंच्या पायांवर घातली. "जपून न्या रे," असं हैबतीला दोनदा सांगितलं. मग पेटी काखेत मारून तो उतरायला लागला.

अर्ध्या चढणीवर बाईंचं हसू संपलं. मांडी रिकामी झाली होती आणि हातांना काय धरावं ते कळत नव्हतं. आता काय तोंडानं जायचं? एकतीस वर्षांनी बहीण आली, ती फुगलेलं पोट घेऊन आणि मोकळ्या हातानं. "हैबती, थांब," त्या म्हणाल्या. डोली थांबली. "नको, चल." चार पावलांवर पुन्हा, "थांब रे जरा." हैबतीनं खांद्यावरचा दांडा सावरला.

"बाय, येकदा ठरव. खाली की वर?"

"वर," त्या म्हणाल्या. "वरच चल. खाली माझं काय हाय?"

रखमानं चमकून पाहिलं. बाईंच्या तोंडी 'हाय' तिनं कधी ऐकलं नव्हतं.

माथ्यावर वारा सुटला होता. गोमाजी खळ्यात नाचणी झोडत होता. पाठीला बाक आला होता, पण हात जुन्यासारखेच पडत होते. डोली टेकली तरी त्यानं काठी थांबवली नाही.

"कोन हाय?"

"दादा, मी आवडी."

"आवडी मेली. लय वर्सं झाली."

"मेली नाय रे. मरायला आलीय."

काठी थांबली. वाटभर घोकलेलं एकही वाक्य बाईंना आठवेना.

"त्या दिवशी बायकांपुढं मी तुला हिरडेवाला म्हटलं."

"ऐकलं व्हतं."

"लाज वाटली मला तुझी. आता त्या लाजेची लाज वाटते. तुला द्यायला सोनं आणत व्हते, तेबी वाटेत गेलं. हातात काय नाय माझ्या."

गोमाजीनं वाकून नाचणीची विखुरलेली कणसं ढिगात सारली. मग म्हणाला, "हिरडेवालाच व्हतो की मी. खोटं काय बोललीस?" तो भोयांकडं वळला, "जेवलात का रे? तुळसा, चार मानसांच्या भाकऱ्या टाक."

तुळसा त्याची बायको. तिनं पाण्याचा तांब्या आणला, नणंदेच्या पायांवर पाणी घातलं आणि कानाशी म्हणाली, "सोनं आनलं असतंस, तर तुझी डोली हितनंच फिरवली असती त्यानं. मी वळखते त्याला."

मोकळ्या हातांची शरम तिथंच गेली. पण बाईंच्या जिवाला स्वस्थता म्हणून लाभली नाही. उलट काय बघू आणि काय नको असं झालं. गोमाजी रोज त्यांना बाजेसकट उन्हात आणायचा आणि बाज उचलायला दोन पुतण्यांना हाक मारायचा, कारण ती एका जागी टिकायची नाही. आज पाणवठ्यावर न्या, उद्या कड्याच्या टोकाला न्या. लहानपणी ज्यावरून पडले होते तो आंबा दाखवा. आंबा कधीच तोडलेला, तर त्याची जागा दाखवा. रात्री डोळा लागला नाही तर सकाळी त्या तक्रार करायच्या नाहीत, म्हणायच्या, बरं झालं, तेवढंच जागी राहिले. बहीणभाऊ फारसं बोलायचे नाहीत. तो नाचणी पाखडायचा, त्या खडे वेचायच्या.

गोमाजीनं एकदाच विचारलं, "भ्या वाटतं गो?"

"नाय. घाई वाटते. पन ऱ्हायलंय असं काय नाय आता."

एकोणिसाव्या दिवशी, भर दुपारी, अंगणात बाजेवर पडल्या पडल्या त्या तुळसाशी भांडत होत्या. तुळसा वरी कांडत होती आणि बाईंचं म्हणणं, तू फार कांडतेस, कणी होते. "आमची आय सात घावात काढायची," त्या म्हणाल्या. तुळसा म्हणाली, "मग तूच ये कांडायला." उत्तर आलं नाही. तुळसानं आणखी दोन घाव घातले आणि मग मुसळ सोडून ती बाजेकडं धावली.

निरोप पोचून मोरू दहाव्याला आला. गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेला, एकटाच. सगळं विधीनं केलं, गोमाजीच्या पाया पडला आणि पंगतीत बसून नाचणीची भाकरी जेवला. पेटीचं कुणी विचारलं नाही, त्यानंही काढलं नाही. हात धुताना तो एवढंच म्हणाला, "मामा, आई शेवटी काय बोलली?"

"वरी कशी कांडायची ते," गोमाजी म्हणाला.

रखमा त्याच्याबरोबर उतरली. तुळसा दुसऱ्या दिवशी पुन्हा उखळाशी बसली आणि मुसळ हातात धरून बराच वेळ तशीच राहिली. एकोणीस दिवस तिला त्या म्हातारीचा जाच झाला होता. आता कितीही कांडलं तरी चालणार होतं, आणि नेमके किती घाव घालावेत, हे तिला समजेना.