बर्फीचे दात आणि मुरुडचे पाहुणे

कुत्र्याचं पिल्लू चावलं की माणूस ओरडतो, एवढं मला माहीत होतं. ते नेमकं कसं ओरडायचं, याचं रीतसर शिक्षण मात्र मी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी घेतलं.

माझी मुलगी अश्विनी लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. एका शनिवारी ती नांदेडला घरी आली ती पुठ्ठ्याचं खोकं घेऊन. मला वाटलं, आंबे! (नोव्हेंबरात आंबे कुठले, हे खोक्यात हात घातल्यावर सुचलं.) सुईसारखे दात बोटात रुतले आणि मी सोफ्यावर आपटलो.

"बाबा, ही बर्फी. चावत नाही, खेळते ती!"

"मग चावते तेव्हा काय करते?"

सोमवारी अश्विनी लातूरला परतली, बर्फी राहिली. जाताना बजावून गेली, "लग्न झालं की मी तिला घेऊन जाणार. जे घर बर्फीला घेईल, तेच घर मला चालेल."

माझी बायको मंगल कपाळाला हात लावून म्हणाली, "स्थळं अशीच जमून न्हाई राहिली, त्यात ही चावरी करवली!"

आठ दिवसांत माझ्या हातांची अशी अवस्था झाली, की ऑफिसातल्या शिपायानं दार लोटून हळूच विचारलं, "साहेब, घरी सगळं ठीक हाय ना?" त्याच दुपारी मी जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टर एका म्हशीला इंजेक्शन देऊन हात धूत होते.

"मारायचं न्हाई, रागवायचं न्हाई," ते म्हणाले. "दात लागला की पिल्लासारखं 'कँय!' करायचं. लगेच पाठ फिरवायची, हाताची घडी घालायची, भिंतीकडं बघायचं. मनात वीस आकडे होईपर्यंत एक शब्द बोलायचा न्हाई. चावलं की खेळ बंद, हे तिला कळतं."

"आणि घरातल्या बाकीच्यांनी?"

"सगळ्यांनी एकदम फिरायचं. एक जण जरी बोलला तरी केलेलं सगळं वाया. करून दाखवा बरं."

मी केलं. डॉक्टर म्हणाले, "पोटातून काढा." तिसऱ्या वेळी म्हशीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "आता जमलं!" डॉक्टर म्हणाले.

घरी सराव सुरू झाला. दुसऱ्याच सकाळी दूधवाला आला, तेव्हा मी दाराशेजारच्या भिंतीला नाक लावून, हाताची घडी घालून उभा होतो.

"काकू, साहेब रुसले का?"

"न्हाई, शिकवून राहिलेत."

"कोणाला?"

मंगलनं माझ्याकडं बघितलं, बर्फीकडं बघितलं आणि दूध घेत म्हणाली, "ते अजून नक्की न्हाई."

खरं सांगायचं तर मलाही काही कळेना. मी पाठ फिरवली की बर्फी वळसा घालून पुढं यायची आणि पायाचा अंगठा धरायची. मग पुन्हा 'कँय', पुन्हा दुसरी भिंत, पुन्हा एकपासून आकडे. एका संध्याकाळी चारही भिंती संपल्या आणि मला चक्कर आली! ती सुधारत होती की मी बिघडत होतो, कोण सांगणार? कधी कधी तर ती चावायच्या आधीच माझं 'कँय' निघून जायचं. शनिवार-रविवारी अश्विनी यायची, तिलाही आम्ही तयार केलं. 'कँय' झालं, की तिघं एकदम भिंतीकडं. कवायतीला बक्षीस असतं तर आम्हालाच मिळालं असतं.

अशात लातूरजवळच्या मुरुडहून स्थळ आलं. वडील रिटायर गुरुजी, आई, आणि मुलगा प्रसाद, वीज खात्यात इंजिनिअर. अश्विनीला फोटो चक्क आवडला होता! (आजवर तिनं फोटो बघून फक्त जांभया दिल्या होत्या.) मंगल म्हणाली, "त्या बर्फीला गॅलरीत बांधा." अश्विनी म्हणाली, "न्हाई. त्यांनी तिला बघूनच ठरवावं."

पाहुणे आले. बर्फी शहाण्यासारखी सोफ्याखाली झोपली होती. बोलणी छान चालली. मंगल फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या, म्हणजे आमच्याकडच्या सुशीलाच्या, बशा ट्रेमध्ये घेऊन आली. गुरुजींनी बशीसाठी हात पुढं केला आणि मला म्हणाले, "आमचं आम्ही घरी जाऊन कळवू. पण तुम्ही मोकळ्या मनानं सांगा, आमचा प्रसाद तुम्हाला कसा वाटला?"

'लाखात एक' म्हणायला मी तोंड उघडलं आणि नेमका सोफ्याखालून पायाचा अंगठा धरला गेला.

"कँय!!"

अगदी पोटातून! मी भिंतीकडं फिरलो. अश्विनी फिरली. मंगल ट्रेसकट फिरली. गुरुजींचा हात तसाच हवेत राहिला.

"काय चुकलं का आमचं?" मागून गुरुजींचा आवाज.

सात, आठ...

"अहो, बोला की काहीतरी!"

नऊ... का आठच? गोंधळ झाला म्हणून मी पुन्हा एकपासून सुरू केलं. (कुणीही शहाणा माणूस तिथल्या तिथं वळून माफी मागेल. पण एक जण जरी बोलला तर पंधरा दिवसांची मेहनत!)

"उठा हो," प्रसादच्या आई म्हणाल्या, "यांना आपल्याशी बोलायचंच न्हाई." सोफा करकरला. कुणीतरी चपला शोधू लागलं. अश्विनीचं स्थळ माझ्या पाठीमागून चाललं होतं आणि मी चौदावर होतो!

तेवढ्यात मागून आवाज आला, "कँय!"

तो माझा नव्हता. मंगलचा नव्हता, अश्विनीचाही नव्हता. जरा लाजरा, पुरुषी 'कँय' होता. मी वळून बघितलं. प्रसाद आपल्या आईबापांकडं पाठ करून, हाताची घडी घालून, कॅलेंडरकडं बघत उभा होता. त्याचा मोजा बर्फीच्या तोंडात होता.

"परसाद! तू कशाला फिरला रे?" गुरुजी ओरडले.

"मला काय माहीत? सगळेच करून राहिले, म्हणलं रीत असंल यांच्या घरची!"

अश्विनी हसत हसत खालीच बसली. मग मी अर्धा तास सगळं समजावून सांगितलं, प्रात्यक्षिकासह. (प्रात्यक्षिकाची गरज नव्हती, असं मंगलचं आजही मत आहे.) गुरुजींनी माझ्यावरची नजर न हलवता सुशीला खाल्ली, "कळवतो" म्हणाले आणि निघाले.

तीन दिवस फोन नाही. रोज संध्याकाळी लातूरहून अश्विनी विचारायची, "आला का हो, बाबा?" तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत होता आणि मंगल माझ्याशी बोलायची बंद झाली होती. चौथ्या दिवशी फोन वाजला. मी उभा राहूनच घेतला.

"पोरगी आम्हाला लई आवडली," गुरुजी म्हणाले. "परसाद तर म्हणतो, पिल्लूबी येऊ द्या."

"वा, वा! मग नक्की समजू ना, गुरुजी?"

"हाव, समजा की." त्यांनी घसा खाकरला. "फक्त तुमच्याबद्दल आमच्या घरात अजून एकमत झालेलं न्हाई."