न उघडलेलं पाकीट

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत, ताई बावीस वर्षं लोकांची दुखणी ऐकत होत्या. समुपदेशनाचं काम. ऐकण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण लिहायचं म्हटलं की बोटांचे सांधे धरायचे. दिवसाला सहा माणसं म्हणजे सहा टिपणं. शेवटी भाचीने त्यांच्या फोनमध्ये एआयची एक सोय करून दिली.

"मावशी, हे बोलणं ऐकून टिपण तयार करतं. फक्त समोरच्याला आधी विचार, आणि टिपण नीट वाचत जा."

पहिला आठवडा ताईंनी इमानेइतबारे विचारलं, वाचलं. मग विचारणं राहून जायला लागलं. टिपणावर वरवर नजर फिरवली की झालं.

त्यांच्याकडे कारखान्यातले एक क्रेनचालक यायचे. सगळे त्यांना दादा म्हणत. सहा महिन्यांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून ते रजेवर होते. आता कामावर रुजू व्हायचं, तर ऑफिसला ताईंचं पत्र हवं होतं. ताईंनी दोन ओळींचं पत्र लिहिलं आणि आयतं तयार होतं म्हणून टिपणाचं पानही मागे जोडलं. सकाळी येताना पाकीट कारखान्याच्या गेटवर देऊन आल्या.

त्याच दिवशी चार वाजता दादा येणार होते. दुपारी त्यांचं टिपण ताईंनी पहिल्यांदाच नीट वाचलं. त्यात लिहिलं होतं, 'कामावरून आल्यावर जिन्यात पत्नीला मारायचे.'

दादांचे शब्द त्यांना जसेच्या तसे आठवत होते. 'कामावरून आलो की जिन्यातूनच तिला हाका मारायचो.' यंत्राने 'हाका' तेवढ्या गाळल्या होत्या. आणि दादांची बायको कशी गेली, याची ऑफिसात कुणाला नीट माहिती नव्हती.

त्यांनी कारखान्याच्या ऑफिसला फोन लावला, तो कोणी उचलला नाही. पायात चपला सरकवून त्या रिक्षाने कारखान्यात गेल्या. टेबलाशी बसलेल्या कारकून बाईंना त्यांनी सकाळच्या पाकिटाचं विचारलं.

"ते होय?" कारकून बाई म्हणाल्या. "त्यावर कामगार क्रमांक नाही हो. म्हणून बाजूला ठेवलंय, साहेबांकडे गेलंच नाही."

खणातून पाकीट निघालं. तोंड तसंच चिकटवलेलं. ते परत घेऊन ताई तिथल्याच बाकावर बसल्या. कारकून बाईंनी न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला.

चार वाजता दादा आले. त्यांना काहीच कळलं नव्हतं. गप्प बसूनही भागलं असतं. पण ताईंनी ते पान त्यांच्या हातात दिलं.

"चूक माझी आहे दादा. तुमचं बोलणं यंत्राला ऐकवलं आणि तुम्हाला विचारलं नाही. हे पान ऑफिसला पाठवायचंही काही कारण नव्हतं. तिथे पत्र पुरे होतं."

दादांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"मी तिला कधी एकेरी हाकसुद्धा मारली नाही, ताई."

"ठाऊक आहे मला."

"तुम्हाला ठाऊक आहे, या यंत्राला कुठून असणार?" पान घडी करत ते म्हणाले. मग मिशीतल्या मिशीत हसले. "बायकोही अर्धंच ऐकायची. पण निदान परत विचारायची तरी."

ताईंनी त्यांच्यासमोरच फोनमधलं सगळं बोलणं पुसलं, कसं पुसलं तेही दाखवलं. पत्र नव्याने हाताने लिहिलं. दादांनी ते वाचलं, मान डोलावली आणि पाकिटावर कामगार क्रमांक स्वतः घातला.

पुढच्या सोमवारी दादा क्रेनवर चढले.

ताईंनी ती सोय टाकून दिली नाही. आता त्या प्रत्येकाला विचारतात. कोणी हो म्हणतं, कोणी नको म्हणतं. नको म्हणणाऱ्यांची टिपणं त्या स्वतः लिहितात, बोटं शेकत शेकत. भाचीने विचारलं, "हात दुखत नाही का गं?"

"दुखतो की," ताई म्हणाल्या, "पण झोप छान लागते."