कोस्केलाबाईंनी अर्ध्यावर सोडलेलं गाणं

अर्लीन कोस्केला यांना शिकवताना घड्याळ बघावं लागत नसे. सुपीरियर सरोवराच्या काठच्या त्या खाणगावात बारावीच्या हुशार मुलांना जगभरचं साहित्य शिकवण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि घंटा कधी होणार हे त्यांना आतूनच कळायचं. खुर्च्या गोलात मांडायच्या, एकाने मोठ्याने वाचायचं, आणि घंटा झाली की वाक्य अर्धं असलं तरी पुस्तक मिटायचं, ही त्यांची पद्धत. पोरं कळवळायची.

"मिसेस के, निदान खून कुणी केला तेवढं तरी सांगा!"

"उद्या. आजच पोट भरलं तर उद्या जेवायला कोण येईल?"

या खोडीचा बाईंना भारी अभिमान होता. तशा त्या कडकच. कविता खोल वाटली असं कुणी म्हणालं, की "विहीर आहे का ती? ओळ दाखव," म्हणून त्याला गप्प करत. हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला की अर्धा वर्ग जंगलात पळायचा, आणि पोरं परतली की बाई नेमक्या त्याच दिवशी चाचणी घ्यायच्या.

तीन हिवाळ्यांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा रेनो गोठलेल्या सरोवराचा बर्फ फुटून बर्फगाडीसकट बुडाला. गाडी सापडली, रेनो सापडला नाही. पुरायला काहीच नव्हतं, म्हणून बाईंनी ना चर्चमध्ये प्रार्थना ठेवली, ना दफनभूमीत दगड बसवला. सोमवारी शाळेत आल्या आणि शिकवू लागल्या. बाई खंबीर आहे, असं गाव म्हणालं. खंबीर कसली! तेव्हापासून रेनोचं नावसुद्धा त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, इतकंच.

त्या फेब्रुवारीत वर्गात एक जुनं विलापगीत आलं. उत्तरेकडच्या कुठल्याशा बेटावरच्या बायका बुडालेल्या माणसांसाठी ते किनाऱ्यावर उभ्या राहून गात. अनुवाद एका जुन्या संग्रहात होता, बाकी कुठेच मिळत नव्हता. खाली टीप होती. पहिल्या भागात बुडालेल्याला हाक मारून वर बोलवायचं, दुसऱ्या भागात त्याला परतीची वाट दाखवायची. एकदा सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही.

"म्हणजे पाहुण्याला बोलवायचं आणि लगेच हाकलायचं," कोडी म्हणाला. वर्ग हसला, बाईही हसल्या.

वाचायला टेसा हाकाला उठली. आवाज चांगला म्हणून बाई नेहमी तिलाच उठवत. "ये, काठावर दिवा लावलाय. ये, तुझी जागा गरम ठेवलीय," ती वाचत गेली आणि पोरांची चुळबुळ हळूहळू थांबली. हाक संपली आणि घंटा झाली.

"मिसेस के, थोडंच राहिलंय."

"उद्या."

"पण खाली लिहिलंय ना, की..."

"उद्या, टेसा."

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या वादळाने शाळा बंद राहिली. त्याला लागून शनिवार-रविवार आले.

सोमवारी शाळेचा सफाई कामगार डेल दारातच कुरकुरत उभा होता. "अर्लीन, तुझ्या पोरांना सांग, ओले बूट घेऊन आत येऊ नका म्हणावं. दोनदा पुसलं, पुन्हा तळं! आणि ही खुर्ची जादा कुठून आली?"

गोलात एक खुर्ची जास्त होती. हीटरजवळ, मागच्या दोन पायांवर तिरकी, भिंतीला टेकलेली. कुणी बसलेलं नव्हतं, तरी ती पडत नव्हती. खाली पाणी साचलं होतं आणि त्याला सरोवराचा वास होता. बारावीत असताना एक मुलगा याच वर्गात, याच जागी, रोज अस्सा रेलून बसायचा आणि आईची बोलणी खायचा.

बाईंनी डेलला ती खुर्ची हलवू दिली नाही. मग पोरं आत आली तेव्हा म्हणाल्या, "संग्रह गोळा करा. आज दुसरं वाचू." पुस्तकं कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं.

बाई आता जेवणाच्या सुट्टीत खोलीतच बसू लागल्या. घरून दोन पॅस्टी, म्हणजे मांस-बटाट्याचं सारण भरलेल्या भाजक्या करंज्या, आणायच्या. एक खायच्या, दुसरी कागदातून सोडवून त्या खुर्चीपुढे ठेवायच्या. दार लावून हलक्या आवाजात बोलत राहायच्या. गावात कुणाचं लग्न ठरलं, कुणाची बोट विकली, असलंच काहीबाही. उत्तर कधीच आलं नाही. पण खुर्ची अधूनमधून करकरायची आणि बाईंना तेवढं पुरायचं. त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला. कोडीच्या विनोदांना त्या हसू लागल्या, तेव्हा मात्र पोरं खरंच घाबरली.

टेसा दिवसेंदिवस खचत चालली. वर्गात ती जॅकेट काढेना. ओठ निळे, केस सदा ओलसर. दवाखान्यात काही निघालं नाही. तिचा तो आवाज बसला तो बसलाच. बाईंना हे दिसत नव्हतं असं नाही. त्या तिच्याकडे बघायचं टाळत होत्या.

एका दुपारी टेसा जेवणाच्या सुट्टीत दार ढकलून आत आली.

"मिसेस के, कपाट उघडा. मला ते पुरं करू द्या."

"परीक्षेला नाहीये ते."

"हाक मी मारली ना? मग तो माझ्याकडेच बघतो. घरी, बसमध्ये, झोपेत."

"कोण बघतो?" बाईंनी विचारलं.

"कोण ते तुम्हाला माहितीये." टेसा खोकली. तोंडाला लावलेल्या हातातून टेबलावर पाणी सांडलं. गढूळ, बर्फासारखं गार, वाळूचे कण असलेलं.

"तो माझ्यासाठी आलाय," बाई म्हणाल्या. "तुला नाही कळायचं. तीन वर्षं मी..."

"तुम्ही त्याला विचारलंत का कधी? तो एकच म्हणतो, मिसेस के. आईला सांग, मला थंडी वाजतेय. रोज तेच. रडतो तो."

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं. समोर ठेवलेल्या पॅस्टीवर पांढरं हिम धरलं होतं. हीटर तर जोरात चालू होता. इतके दिवस लेकरू कुडकुडत होतं आणि आपण त्याला गावगप्पा सांगत बसलो, हे त्यांच्या काळजात आता कुठे शिरलं.

त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं. टेसाने पुस्तकासाठी हात पुढे केला, पण बाईंनी ते दिलं नाही. स्वतः उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या.

"वळ, बाळा. दिवा विझवते मी. तुझी जागा आवरून ठेवते. वळ, पाण्याखाली तुझं अंथरूण आहे, तिथे वारा लागत नाही."

मध्येच घंटा झाली. दारात पुढच्या तासाची पोरं जमली, कोडी त्यांच्यात होता. कुणी आत पाऊल टाकलं नाही. बाई थांबल्या नाहीत. शेवटच्या ओळीत एक जागा कोरी होती, गेलेल्याचं नाव घेण्यासाठी. तिथे त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. टेसा भिंतीला धरून खाली बसत चालली होती.

"रेनो," बाई म्हणाल्या. "जा, माझ्या राजा."

खुर्ची भिंतीपासून सुटली आणि चारही पायांवर हलकेच टेकली.

टेसाने मोठा श्वास घेतला. थोड्या वेळाने तिने जॅकेटची चेन ओढली आणि ते काढून मांडीवर घेतलं. कोडीने आत येऊन तिला उठवलं. "चल, पाणी पी," म्हणाला, मग जीभ चावून, "नको, कोको पी."

बाईंनी पोरांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. जमीन कोरडी झाली होती. त्या हीटरजवळ गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि खुर्चीची बैठक, पाठ, पाय दोन्ही तळव्यांनी चाचपू लागल्या. कुठेतरी थोडी ओल राहिली असेल, म्हणून पुन्हा पुन्हा चाचपत राहिल्या.