घायाळ शिपायापाशी

नेपियर टाउनमध्ये कोचिंग क्लासच्या वरच्या खोलीत आमचा फाशांचा खेळ रंगायचा. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं. खेळातल्या आमच्या चिखलाच्या राज्यात जादू जवळजवळ नव्हतीच. एका रविवारी, खाली शिकणाऱ्या बहिणीची वाट बघत एक अनोळखी ताई वर आली. ओढणीला गाठी मारत नुसतीच बसलेली, म्हणून तिलाही खेळात घेतलं.

माझा शिपाई भाला लागून पडला, तसे सगळे खजिन्याकडे धावले.

“दीदी, चलो ना! काहून थांबून राहिल्या?” एक जण तिला ओरडून म्हणाला.

“इथं जादूनं घाव भरत नाही ना? मग कोणीतरी याच्यापाशी बसाव लागते,” ती म्हणाली.

बहीण येईपर्यंत तिचा हात माझ्या शिपायाच्या सोंगटीपाशीच होता. शिपाई काही वाचला नाही.

पुढं माझी कितीतरी पात्रं मेली. पण मरताना एकटा नव्हता, तो तेवढा हा शिपाईच.